प्रकल्प नोंदी: नोंदणी पोर्टलमधले एरर मेसेज

२ जून

पोर्टलचे फॉर्म नीट चालतात, तक्रार फक्त मेसेजबद्दल आहे. अर्जदार कुठे चुकला की 'धिस फील्ड इज रिक्वायर्ड' नाहीतर 'एंटर अ व्हॅलिड व्हॅल्यू' अशी ओळ येते आणि पुढे काय करायचं ते कळत नाही. भाषा मराठी निवडली तरी मधूनच इंग्रजी डोकावतं, कारण अनुवाद सापडला नाही की गेटटेक्स्ट (अनुवाद शोधून देणारी व्यवस्था) मूळ ओळ जशीच्या तशी परत देतं.

काम ठरलं ते असं: मेसेज मराठी आणि इंग्रजी दोन्हींत, आपल्या शब्दांत, आणि वाचल्यावर नेमकं काय दुरुस्त करायचं ते समजलं पाहिजे. पोर्टल जँगोवर (पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कवर) आहे, आवृत्ती ५.२. कोडमधली नावंही या नोंदींत देवनागरीतच लिहितोय, म्हणजे वाचताना अडखळायला नको.

टीमचं पहिलं मत: प्रत्येक फील्डला (फॉर्ममधल्या रकान्याला) 'एरर_मेसेजेस' देऊन टाकू, झालं काम. तेवढ्यानं भागणार नाही. लाल अक्षरांतली प्रत्येक ओळ फील्डच बोलतं असं नाही. आधी प्रत्येक ओळ कोण बोलतंय ते शोधायचं, शब्दांना हात त्यानंतर.

३ जून

जँगोचा फॉर्म्सचा सोर्स उघडून बसलो. डॉक्युमेंटेशनपेक्षा इथे लवकर उलगडतं.

प्रत्येक फील्ड क्लासकडे 'डिफॉल्ट_एरर_मेसेजेस' नावाची डिक्शनरी (किल्ली आणि तिच्यापुढे मेसेज अशी यादी) असते. फील्डचा ऑब्जेक्ट बनताना वारशाची साखळी सगळ्यात वरच्या क्लासपासून खाली चालवली जाते, प्रत्येक पायरीची डिक्शनरी आधीच्या डिक्शनरीवर चढते आणि सगळ्यात शेवटी आपण दिलेली 'एरर_मेसेजेस' येते. म्हणजे आपण दोनच किल्ल्या दिल्या तरी बाकीच्या शाबूत राहतात. पूर्ण यादी पुन्हा लिहायची गरज नाही.

किल्ल्या फील्डप्रमाणे बदलतात. 'रिक्वायर्ड' सगळ्यांना आहे. इंटिजर, डेट, ईमेल यांना 'इनव्हॅलिड'. पर्यायांच्या फील्डला 'इनव्हॅलिड_चॉइस'. डेसिमलला 'मॅक्स_डिजिट्स', 'मॅक्स_डेसिमल_प्लेसेस', 'मॅक्स_होल_डिजिट्स' असा वेगळा तिढा. फाइलला 'मिसिंग', 'एम्प्टी' आणि इमेजला वर 'इनव्हॅलिड_इमेज'.

खरी गंमत व्हॅलिडेटरमध्ये (भरलेली माहिती नियमात बसते का ते तपासणाऱ्या तुकड्यात) आहे. मजकूर लांब झाला ही ओळ फील्डची नाही, मॅक्स लेंग्थ व्हॅलिडेटरची आहे. तरीही फील्डच्या 'एरर_मेसेजेस'मध्ये 'मॅक्स_लेंग्थ' लिहिलं की बदलते. कारण 'रन_व्हॅलिडेटर्स' प्रत्येक एरर पकडतं, तिचा कोड (चुकीच्या प्रकाराचं छोटं ओळखनाव) बघतं आणि तो कोड फील्डच्या डिक्शनरीत सापडला तर मेसेज बदलून टाकतं. दुवा आहे तो कोडचा. व्हॅलिडेटरनं कोड दिलाच नाही, किंवा फील्डला माहीत नसलेला दिला, तर आपली ओळ कधीच दिसणार नाही. आपल्या जुन्या कोडमधल्या बऱ्याच हाताने लिहिलेल्या व्हॅलिडेटरांत 'व्हॅलिडेशन एरर' नुसत्या मजकुरासह उभी केलीय, कोडशिवाय. ते सगळे दुरुस्तीच्या यादीत घातले.

उलट बाजूही आहे. रेगेक्स व्हॅलिडेटरचा (मजकूर ठरलेल्या नमुन्यात बसतो का ते पाहणाऱ्याचा) कोड मुळातच 'इनव्हॅलिड' असतो. एकाच फील्डवर दोन रेगेक्स लावले आणि फील्डला एक 'इनव्हॅलिड' मेसेज दिला, तर दोन्ही चुकांना तीच ओळ येते. तिथे प्रत्येक रेगेक्सला स्वतःचा कोड द्यायचा.

४ जून

टेस्टरने विचारलं, 'ईमेल रिकामा ठेवला तर तुमचा मेसेज येतच नाही, एक छोटा फुगा येतो. तो कुठे बदलायचा?' तो फुगा जँगोचा नाहीच. जँगो रिक्वायर्ड फील्डला एचटीएमएलचं 'रिक्वायर्ड' अ‍ॅट्रिब्यूट लावतं, ब्राउझर ते वाचतो आणि फॉर्म सर्व्हरकडे जाऊच देत नाही. फुग्यातली भाषा ब्राउझरची असते, साइटची नाही. अर्जदाराने साइटवर मराठी निवडलं आणि ब्राउझर इंग्रजीत असला तर फुगा इंग्रजीतच येणार.

रस्ते तीन होते. पहिला, जावास्क्रिप्टमधून 'सेट_कस्टम_व्हॅलिडिटी' वापरून फुग्यात आपले शब्द घालायचे. यात एक खाच आहे: एकदा मजकूर घातला की रिकामी स्ट्रिंग देऊन तो पुसेपर्यंत फील्ड चुकीचंच मानलं जातं, मग अर्जदाराने बरोबर भरलं तरी फॉर्म अडतो. शिवाय तेच वाक्य दोन ठिकाणी सांभाळावं लागतं. दुसरा, 'यूज_रिक्वायर्ड_अ‍ॅट्रिब्यूट' बंद करायचं. त्यानं 'रिक्वायर्ड' जातं, पण ईमेलचा 'टाइप' तसाच राहतो आणि त्याचा फुगा येतच राहतो. तिसरा, फॉर्म टॅगवर 'नोव्हॅलिडेट'.

तिसरा घेतला. 'रिक्वायर्ड' अ‍ॅट्रिब्यूट जागेवर राहतं, त्यामुळे स्क्रीन रीडर 'आवश्यक' असं सांगत राहतो, आणि अडवण्याचं काम मात्र एकट्या सर्व्हरकडे येतं. चूक कळायला सर्व्हरपर्यंत एक फेरी पडते, हे मान्य. आपले फॉर्म लहान आहेत, चालेल. पन्नास फील्डांचा फॉर्म असता तर पुन्हा विचार केला असता.

५ जून

आज चर्चा एकाच प्रश्नावर: सगळीकडे लागू होणारे मेसेज कुठे ठेवायचे?

एक सूचना होती की अ‍ॅप सुरू होताना 'रेडी'मध्ये मूळ फील्ड क्लासची डिक्शनरीच बदलायची. दोन ओळींत होतं, म्हणून मोह पडतो. पण फील्डचा ऑब्जेक्ट बनतानाच डिक्शनरीची नक्कल होते. त्याआधीच एखादं फॉर्म मॉड्यूल इंपोर्ट झालेलं असेल तर त्यातल्या फील्डांना जुनेच मेसेज चिकटतात, आणि इंपोर्टचा क्रम बदलला की मेसेज बदलतात. असला बग शोधणं म्हणजे शिक्षा. नाकारलं.

दुसरी सूचना अनुवादाच्या फाइलीची. जँगो अनुवाद शोधताना 'लोकेल_पाथ्स'मधल्या फोल्डरला सगळ्यात आधी मान देतं, मग अ‍ॅप्सची फोल्डरं, आणि स्वतःचा अनुवाद शेवटी. म्हणून आपल्या पीओ फाइलीत (मूळ ओळ आणि तिचा अनुवाद असलेल्या फाइलीत) जँगोची मूळ इंग्रजी ओळ अक्षरशः तशीच लिहून तिच्यापुढे आपलं वाक्य दिलं की ते सगळीकडे लागू होतं, अ‍ॅडमिनमध्येसुद्धा. इंग्रजी मेसेजही असेच बदलता येतात: इंग्रजीचं फोल्डर बनवायचं आणि इंग्रजीला इंग्रजी 'अनुवाद' द्यायचा. ऐकायला विचित्र, पण चालतं.

याची अडचण 'मेकमेसेजेस' (पीओ फाइल ताजी करणारी आज्ञा) चालवल्यावर दिसते. ती आज्ञा आपल्या कोडमध्ये सापडलेल्या ओळीच जिवंत ठेवते. जँगोच्या ओळी आपल्या कोडमध्ये नसतात, म्हणून त्या कालबाह्य ठरवून कॉमेंट करून टाकते. उपाय म्हणून एक छोटी पायथन फाइल केली, जी कोणी वापरत नाही. त्यात फक्त 'गेटटेक्स्ट_नूप'मध्ये (ओळीवर अनुवादाची नुसती खूण करणाऱ्या फंक्शनमध्ये) गुंडाळलेल्या त्या मूळ ओळी आहेत. फाइलीच्या माथ्यावर मोठी कॉमेंट टाकली, नाहीतर कोणीतरी 'वापरात नाही' म्हणून उडवेल.

जँगोची आवृत्ती वाढली आणि मूळ ओळीत एखादा शब्द बदलला तर आपलं वाक्य गुपचूप लागू होणं थांबेल, हा धोका उरतोच. त्यावर टेस्ट हवी. पुढे बघतो.

निर्णय: सर्वसाधारण ओळी लोकेलमध्ये (अनुवादाच्या फाइलींत), खास फॉर्मच्या ओळी फॉर्ममध्ये.

९ जून

'रिक्वायर्ड'च्या मेसेजमध्ये फील्डचं नाव हवं, अशी मागणी. 'ही माहिती आवश्यक आहे' यापेक्षा 'जन्मतारीख भरा' केव्हाही बरं, विशेषतः सगळ्या चुका फॉर्मच्या वर एकत्र दाखवतो तेव्हा.

बेस फॉर्मसाठी मिक्सिन (इतर क्लासना जोडता येणारा छोटा क्लास) लिहिला. 'इनिट'मध्ये प्रत्येक फील्डवरून फिरतो आणि लेबल घालून 'रिक्वायर्ड' बदलतो. लेबल फील्डवरून थेट घेऊ नये. दिलेलं नसेल तर तिथे रिकामं असतं आणि नावावरून बनवलेलं लेबल बाउंड फील्डकडे (फॉर्मशी जोडलेल्या फील्डकडे) मिळतं. म्हणून फॉर्मलाच नावाने विचारून बाउंड फील्डचं लेबल घेतलं.

क्रियापद मात्र एकच ठेवता येत नाही. 'छायाचित्र भरा' कोणी म्हणत नाही. म्हणून विजेटच्या (पानावर दिसणाऱ्या इनपुटच्या) प्रकारावर ठरवलं: मजकुराला 'भरा', ड्रॉपडाउन आणि रेडिओला 'निवडा', फाइलीला 'जोडा'. लेबलाला प्रत्यय लागेल अशी वाक्यरचना टाळली, नाहीतर 'पत्ता'चं 'पत्त्या' करणारा कोड लिहीत बसावं लागलं असतं.

एक खबरदारी जुन्या आवृत्त्यांसाठी: तिथे फॉर्मचा नवा ऑब्जेक्ट बनताना फील्डांची नक्कल व्हायची, पण आतली मेसेजची डिक्शनरी सगळ्यांची सामायिक राहायची. एका विनंतीत बदललेला मेसेज पुढच्या विनंतीत दिसायचा. ५.२ मध्ये हा प्रश्न नाही, पण मिक्सिन दुसऱ्या जुन्या प्रकल्पात न्यायचा विचार असेल तर आधी डिक्शनरीची नक्कल करा.

फॉर्म क्लासच्या पातळीवर लिहिलेल्या सगळ्या ओळी 'गेटटेक्स्ट_लेझी'त (ओळ दाखवायच्या वेळीच अनुवाद करणाऱ्या फंक्शनमध्ये) आहेत का ते तपासलं. साधं 'गेटटेक्स्ट' असेल तर सर्व्हर सुरू होताना जी भाषा होती तीच कायम चिकटते. एफ-स्ट्रिंगमध्ये घातलेले लेझी मजकूर तर दुहेरी वाईट, तिथल्या तिथे गोठतात.

१० जून

मॉडेल फॉर्मची (डेटाबेसच्या मॉडेलवरून बनणाऱ्या फॉर्मची) पाळी. इथे गोंधळ ठरलेला.

मॉडेलच्या ईमेल फील्डवर 'ब्लँक'चा मेसेज कोणीतरी पूर्वी सुंदर लिहून ठेवलाय. तो आजवर एकदाही कुणाला दिसलेला नसणार. फॉर्म फील्डची तपासणी आधी होते, तिथेच 'रिक्वायर्ड' म्हणून अडतं, आणि मॉडेलच्या तपासणीतून चुकलेली फील्डं वगळली जातात. मॉडेलवरचा मेसेज उपयोगी पडतो तो मॉडेलच्या टप्प्यावर उठणाऱ्या चुकांसाठीच, आणि तेही फॉर्मवर किंवा फॉर्मच्या 'मेटा'त त्याच कोडचा मेसेज नसेल तर.

'युनिक' (तेच मूल्य आधी नोंदलेलं नसावं ही अट) मात्र खरोखर मॉडेलचं. ती किल्ली फॉर्मच्या 'मेटा'मध्ये ठेवली: ईमेल, 'युनिक', आपलं वाक्य. दोन फील्ड मिळून एकमेव असण्याची अट आहे तिथे मेसेज कोणत्याच फील्डचा नसतो. तो 'नॉन_फील्ड_एरर्स'च्या खाली 'युनिक_टुगेदर' किल्लीने द्यायचा.

वाक्यावरही बोलणं झालं. 'या ईमेलचं खातं आधीच आहे' असं सांगितलं की कोणीही ईमेल घालून घालून कोणाचं खातं आहे ते तपासू शकतो. लॉगिनच्या फॉर्ममध्ये जँगो मुद्दाम सांगत नाही की नाव चुकलं की पासवर्ड, ते याचसाठी. आपल्या नोंदणीत 'खातं आधीच आहे' ठेवायचं ठरलं, कारण आपल्याकडे खरा अर्जदारच दुसऱ्यांदा नोंदणी करायला येतो आणि त्याला वाट दाखवणं गरजेचं आहे. लॉगिनचा मेसेज मात्र संदिग्धच राहील. तिथे फॉर्मच्या 'एरर_मेसेजेस'मध्ये 'इनव्हॅलिड_लॉगिन' आणि 'इनअ‍ॅक्टिव्ह' अशा दोन किल्ल्या आहेत. ही साधी क्लास डिक्शनरी, फील्डसारखी साखळी इथे जुळवली जात नाही. एकच किल्ली लिहिली की दुसरी गायब. मूळ डिक्शनरी पसरून वर आपली किल्ली ठेवायची.

आणि हेही: तपासणी आणि सेव्ह यांच्यामध्ये दुसऱ्या कुणी तोच ईमेल नोंदवला तर व्हॅलिडेशन पास होतं, डेटाबेस 'इंटिग्रिटी एरर' देतो आणि अर्जदाराला पाचशेचं (सर्व्हर एररचं) पान दिसतं. दोनदा क्लिक केलं तरी हे होऊ शकतं. सेव्ह 'अ‍ॅटॉमिक'मध्ये घातलं, एरर पकडून 'अ‍ॅड_एरर'ने तोच 'युनिक' कोड आणि तोच मेसेज फॉर्मवर लावला.

१२ जून

पासवर्ड. फील्डवर काहीही लिहा, 'पासवर्ड खूप लहान आहे' ही ओळ ढिम्म हलत नाही. या तपासण्या सेटिंग्जमधल्या पासवर्ड व्हॅलिडेटरांच्या यादीतून येतात आणि फील्डच्या 'रन_व्हॅलिडेटर्स'मधून जातच नाहीत, त्यामुळे कोड जुळवून मेसेज बदलण्याची ती सोय इथे नाही. व्हॅलिडेटरांचे उपवर्ग केले. ५.२ पासून त्यांना 'गेट_एरर_मेसेज' ही वेगळी मेथड आहे, तेवढीच बदलली. सोबत 'गेट_हेल्प_टेक्स्ट'ही, कारण चूक व्हायच्या आधी दिसणारी सूचना आणि नंतरचा मेसेज यांचे शब्द जुळले पाहिजेत.

१३ जून

फोटो जोडल्यावरही 'छायाचित्र जोडा' येतं, अशी तक्रार एका फॉर्मवर. टेम्प्लेटमध्ये 'मल्टीपार्ट'चा एन्कोडिंग प्रकार राहून गेलेला. तो नसला की फाइल सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही, जँगोच्या दृष्टीने फील्ड रिकामं, म्हणून 'रिक्वायर्ड'. मेसेज खरा आहे आणि तरी दिशाभूल करतो. सगळी टेम्प्लेटं शोधून तपासली.

मोठ्या फोटोवर तर आपला मेसेज दूरच, संपूर्ण वेगळं इंग्रजी पान येतं: एरर चारशे तेरा (विनंती फार मोठी). ते एनजिनेक्सचं (जँगोच्या पुढे बसणाऱ्या वेब सर्व्हरचं). त्याची 'क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइज'ची मूळ मर्यादा १ एमबी आहे, विनंती जँगोला दिसतच नाही. मर्यादा आपल्या नियमापेक्षा थोडी जास्त ठेवली, म्हणजे किंचित मोठी फाइल जँगोपर्यंत येईल आणि 'फोटो २ एमबीपेक्षा लहान हवा' हे आपण सांगू शकू. त्याहून अवाढव्य फाइलीसाठी चारशे तेराचं मराठी पान बनवलं.

१७ जून

अनुवादकाकडून वाक्यं आली. छान आहेत, पण प्लेसहोल्डरांवर (मेसेजमध्ये नंतर आकडा किंवा मजकूर भरायच्या जागांवर) बारीक नजर हवी. लांबीच्या मेसेजमध्ये 'लिमिट_व्हॅल्यू' आणि 'शो_व्हॅल्यू' असे दोन प्लेसहोल्डर असतात, कंस बंद झाल्यावर एक अक्षर असतं, आकडा की मजकूर ते सांगणारं. मराठी वाक्यात ते अक्षर अनावश्यक वाटून गळतं. मग काय होतं? सर्व्हर सुरू होतो, फॉर्म उघडतो, सगळं ठीक दिसतं. अर्जदार चुकला की मेसेज बनवताना पायथनच 'व्हॅल्यू एरर' देतो आणि पान कोसळतं. पीओ फाइलीतल्या ओळींना 'कंपाइलमेसेजेस' हे पकडतं, कारण ते फॉरमॅट तपासूनच चालतं. पायथनमध्ये थेट लिहिलेल्या ओळींना कोणी वाली नाही.

टक्क्याचं चिन्हही असंच. 'रिक्वायर्ड'ला पॅरामीटर नसतात, तिथे '५०%' बिनधास्त लिहा. पण कमाल मर्यादेच्या मेसेजला व्हॅलिडेटर पॅरामीटर देतो, तिथे चिन्ह दोनदा लिहावं लागतं. सूट किती टक्के या फील्डवर नेमकं हेच लागू होतं.

वाक्यांमधून 'अवैध' सगळीकडून काढलं. 'अवैध दिनांक'ऐवजी 'तारीख दिवस/महिना/वर्ष अशी लिहा'. डब्ल्यूसीएजीचा (वेब सुलभतेच्या मार्गदर्शक सूचनांचा) ३.३.३ हा निकष हेच मागतो: दुरुस्तीची सूचना देता येत असेल तर द्या. फक्त स्पेस टाकलेल्या फील्डलाही 'भरा' येतं, कारण कॅरेक्टर फील्ड कडेच्या स्पेस आधी छाटतं. ते तसंच ठेवलं.

१९ जून

देवनागरी अंकांचा विषय निघाला आणि अर्धा दिवस गेला, पण गेलाच पाहिजे होता. पायथनचं 'इंट' '१२'ला सरळ बारा मानतं. त्यामुळे वयाच्या इंटिजर फील्डमध्ये देवनागरी अंक सर्व्हरवर चालतात. सहा अंकी कोडच्या रेगेक्समध्ये 'बॅकस्लॅश डी' (म्हणजे कोणताही एक अंक) आहे, पायथनमध्ये तोही देवनागरी अंक स्वीकारतो आणि ते तसेच डेटाबेसात जातात, मग शोधताना जुळत नाहीत. जावास्क्रिप्टचा 'बॅकस्लॅश डी' मात्र फक्त शून्य ते नऊ या इंग्रजी अंकांनाच ओळखतो. एकच नमुना, दोन निकाल.

'फक्त इंग्रजी अंक वापरा' असा मेसेज लिहिता आला असता. त्यापेक्षा 'टू_पायथन'मध्ये अंक रूपांतरित करणारं छोटं फील्ड केलं आणि मेसेजची गरजच संपवली. रेगेक्स शून्य ते नऊवर आवळला.

२३ जून

टेस्ट. मजकूर जुळवणाऱ्या जुन्या टेस्ट काढून 'हॅज_एरर' आणि कोडवर नेल्या. आता अनुवादकाने शब्द बदलला तरी बिल्ड पडत नाही.

मजकुरासाठी वेगळी एकच टेस्ट. प्रत्येक फॉर्मला मराठी भाषेत मुद्दाम चुकीचा डेटा द्यायचा आणि आलेल्या मेसेजमध्ये रोमन अक्षर दिसलं की नापास. नुसती फील्डांची डिक्शनरी वाचून हे होत नाही. व्हॅलिडेटरांचे मेसेज तिथे नसतात, आणि एकवचन-अनेकवचनाची ओळ असेल तर आकडा हातात आल्याशिवाय रूप ठरत नाही. खरा डेटा द्यावाच लागतो. ५ जूनचा धोका, म्हणजे जँगोची मूळ ओळ बदलणं, याच टेस्टमध्ये मराठीपुरता पकडला जातो. इंग्रजीसाठी नूप फाइलीतली प्रत्येक ओळ स्थापित जँगोच्या सोर्समध्ये सापडते का, एवढंच पाहणारी छोटी टेस्ट जोडली.

पहिल्याच धावेत ती मराठी टेस्ट 'ईमेल' फील्डवर पडली, कारण आपल्याच वाक्यात नमुना पत्ता रोमन लिपीत आहे. त्या एका वाक्याला सूट दिली.

२४ जून

टेम्प्लेट. चुकलेल्या इनपुटला 'एरिया_इनव्हॅलिड' (इथे चूक आहे हे स्क्रीन रीडरला सांगणारी खूण) जँगो ५.० पासून आपोआप लावतं. एरर लिस्टचं टेम्प्लेट आपलं केलं आहे, म्हणून तिची आयडी इनपुटच्या 'एरिया_डिस्क्राइब्डबाय'मध्ये मदतीच्या ओळीसोबत येते का ते हाताने पाहिलं. स्क्रीन रीडरवर आधी लेबल, मग मदत, मग चूक असं ऐकू येतं. वरच्या एकत्र यादीतली प्रत्येक ओळ आता संबंधित फील्डची लिंक आहे.

बाकी राहिलं: फॉर्मसेटचे (एकाच फॉर्मच्या अनेक प्रतींच्या संचाचे) मेसेज, तिथे किल्ल्या वेगळ्या आहेत, आणि बाहेरच्या पॅकेजमधल्या कॅप्चाची ओळ. नोंदणीचा मुख्य फॉर्म आज स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) गेला.